राजीखुशीची शिपाईगिरी

सरहद्दीवर तणाव वाढला, की प्रत्येक सुदृढ तरुणास वर्ष-दोन वर्षे लष्करी सेवा कायद्याने सक्तीची करावी, ही मागणी आपल्याकडे पुनःपुन्हा उठते. आणि ज्या जिल्ह्याचे नावच एका जलदुर्गावरून पडले, ज्याच्या किनाऱ्यावर डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय नौदलाने आपला दिन साजरा केला, त्या सिंधुदुर्गात ती अधिक आवेशाने, आणि बहुधा शिवछत्रपतींचे नाव घेऊनच, केली जावी हे स्वाभाविक आहे. ही मागणी करणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी शंका घेण्यास मला यत्किंचितही जागा दिसत नाही. परंतु ज्या परंपरेचा ते आधार घेतात, तिचेच दप्तर उघडून पाहिले तर ते सक्तीच्या बाजूने साक्ष देत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, आणि तीनेक वर्षांत, दर्याला आणि दर्यावर हुकमत सांगणाऱ्या परकीयांना न जुमानता, तो किल्ला उभा राहिला. त्याच्या आश्रयाने वाढलेल्या आरमाराचे धोरण काय होते, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आपल्याला सविस्तर वाचावयास मिळते. हे अमात्य बावड्याचे, म्हणजे आमच्या वैभववाडीच्या वरच्या घाटमाथ्याचे. शिवकाल त्यांनी स्वतः पाहिलेला, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी जो राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. जहाजांना तख्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड लागते, ते अरण्यातील सागवानाचे हुजूरच्या परवानगीने तोडावे. आंबा-फणसाचे लाकूडही याच कामाचे, तथापि त्यास हात लावू देऊ नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती आपल्या लेकरांप्रमाणे जतन करून वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने ते न्यावे, जबरदस्ती मुळीच करू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. त्याच प्रकरणात, आरमाराचा तनखा मुलखाच्या निश्चित उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांच्या पैदास्तीवर तो टाकल्यास सावकारांस उपद्रव होईल, असेही बजावले आहे.

हा उपदेश निवांत काळातला नव्हे, हे विसरता कामा नये. समुद्रावर पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज, डोंगरापलीकडे मोगल, आणि खुद्द छत्रपतींच्या घरात दुफळी, अशा समयी लिहिणारा हा प्रधान, आरमाराची निकड कोणाहूनही अधिक जाणत असता, एका आंब्याच्या झाडापाशी राज्याचा हात रोखून धरतो. जी राजनीती रयतेच्या झाडाला लेकराची उपमा देऊन त्याला अभय देते, तिचा हवाला देऊन खुद्द लेकरूच राजीखुशीवाचून मागावयाचे, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही. त्या काळी वेठबेगार अजिबात नव्हती, असे म्हणण्याचे धाडस इतिहास जाणणारा कोणी करणार नाही. पण वेठ ही त्या राज्यव्यवस्थेची उणीव होती आणि रयतेचा संतोष हे तिचे ध्येय होते, आणि पूर्वजांकडून घ्यावयाचे ते ध्येय घ्यावयाचे असते.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या ज्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी घातली, त्याच्याच दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याचा अधिकार राज्याला राखून ठेवला आहे. अट एवढीच, की केवळ धर्म, वंश, जात अथवा वर्ग यांवरून भेदभाव होऊ नये. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तर देशाचे संरक्षण करणे आणि आवाहन होताच राष्ट्रसेवा बजावणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नमूद केले. तेव्हा सरकारला असा अधिकार नाही, असे माझे प्रतिपादन नाही. उद्या देशावर सर्वंकष युद्ध कोसळले तर तो अधिकार वापरावा लागेल, आणि त्या वेळी मागे राहणाऱ्याची गय करू नये. परंतु जे शस्त्र अखेरच्या प्रसंगासाठी म्यानात ठेवले आहे, ते शांततेच्या काळात शिस्त लावण्यासाठी उपसणे हा विवेक नव्हे.

कोकणच्या इतिहासात तर याविषयी अत्यंत मर्मभेदक असा एक अध्याय आहे, आणि तो सक्तीच्या पुरस्कर्त्यांनी अवश्य वाचावा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कोकणातील महार शिपाई मोठ्या संख्येने होते. दापोलीच्या कॅम्पात त्यांच्या निवृत्तिवेतनधारकांची वस्ती होती, आणि त्या नोकरीबरोबर आलेल्या शिक्षणाच्या बळावर एक विचारी पिढी तयार झाली होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे स्वतः लष्करी शाळेतील शिक्षक. पुढे लढवय्या जातींचे खूळ इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात शिरले आणि १८९० नंतरच्या काही वर्षांत या शिपायांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास अर्ज सिद्ध केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेतील भारतमंत्र्यापर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात एक पलटण उभी झाली, ती युद्ध संपल्यावर मोडली गेली, आणि डॉ. आंबेडकरांच्या आग्रही प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये, आंबोलीचा घाट चढून गेले की जे शहर लागते त्या बेळगावात, महार रेजिमेंटची स्थापना झाली. शिपाई होऊ द्या, एवढ्या एका मागणीसाठी माणसांनी जवळजवळ अर्धशतक अर्ज केले! त्यांच्या दृष्टीने बंदूक खांद्यावर घेणे म्हणजे मनुष्य म्हणून, नागरिक म्हणून ताठ उभे राहणे होते. सैनिकी गणवेशाला जी प्रतिष्ठा आहे ती अशा मागून मिळविलेल्या, स्वेच्छेने पत्करलेल्या सेवेने आली आहे. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जे मुलगे बेळगावला मराठा पलटणीत दाखल झाले, त्यांनाही कोणी समन्स बजावले नव्हते.

व्यवहाराची बाजूही पाहिली पाहिजे. आपल्या देशात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुलेमुली अठरा वर्षांची होतात. तिन्ही दले मिळून मनुष्यबळ चौदा लाखांच्या आसपास, आणि २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा पहिल्या वर्षी भरावयाच्या जागा होत्या ४६ हजार. सर्वांना घेणे अशक्य म्हटल्यावर निवड आली. आणि सक्तीच्या निवडीत सवलतीचा दाखला कोणाला मिळतो आणि कोणाचा मुलगा जातो, हे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या कोणाही खेडुतास सांगण्याची गरज नाही. चाकरमानी मुंबईस गेलेले, घरात म्हातारीकोतारी, आणि एकच तरुण होडी व कलमांची बाग सांभाळणारा, अशा घरावर निवडीची चिठ्ठी पडली तर ते घर कोणाच्या आधाराने चालावे?

शिवाय आपण हा प्रयोग थोड्या प्रमाणात करून पाहिला आहे. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची केली गेली. पाचच वर्षांत, १९६८ साली, ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली आणि लगोलग राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. परदेशांचे दाखले दोन्ही बाजूंनी निघतात. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्ती सोडली, जर्मनीने २०११ मध्ये स्थगित केली, स्वीडनने सोडलेली २०१७ मध्ये परत आणली. स्वित्झर्लंडच्या जनतेने २०१३ मध्ये प्रत्यक्ष मतदान करून ती राखली. इस्रायल व दक्षिण कोरिया यांची लोकसंख्या अल्प आणि संकट दाराशी. आपला प्रश्न माणसांच्या तुटवड्याचा कधीच नव्हता.

‘झील लष्करात धाडलो की सुधारतलो’ असे आमच्याकडे वडीलधारे म्हणतात, तेव्हा त्यांची कळकळ मला समजते. पण ज्या पलटणीत शेजारच्या शिपायाच्या सावधपणावर आपला प्राण अवलंबून असतो, तेथे अनिच्छेने आलेला मुलगा पाठविणे हा त्या शेजाऱ्यावर अन्याय आहे. मुलाला वळण लावण्याचे काम घराचे आणि शाळेचे. ते सैन्याच्या माथी मारू नये.

मग या किनाऱ्याच्या तरुणांनी काय करावे? २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रमार्गे, एका पळविलेल्या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून किनाऱ्याच्या रक्षणात मच्छीमाराच्या नजरेचे मोल सर्वांना कळले आहे. कोणती होडी आपल्या बंदरातली आणि कोणती परकी, कोणता खडक कोणत्या भरतीला बुडतो, हे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याचा गाबीत तरुण जसे जाणतो तसे दुसरे कोणी जाणत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ते दोन महिने या मुलांच्या हातास काम नसते आणि घरात पैसा नसतो. त्या काळात सरकारने इच्छुकांसाठी बिनतारी संदेश, प्रथमोपचार, नौकांची ओळख व जीवरक्षण यांचे रीतसर शिक्षण द्यावे, त्याबद्दल ठरलेले मानधन वेळच्या वेळी अदा करावे, आणि ज्यांनी ते पुरे केले त्यांना तटरक्षक दल, नौदल व सागरी पोलीस यांच्या भरतीत अग्रक्रम द्यावा. चार वर्षे पुरी करणाऱ्या अग्निवीरांपैकी केवळ चौथा हिस्सा कायम होणार असल्याने, उरलेल्यांतील कोकणच्या मुलांना या शिक्षणाचे शिक्षक नेमता येईल. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात छात्रसेनेच्या जागा, मागणी असेल तितक्या, आणि मुलींसाठी बरोबरीने, उपलब्ध करून द्याव्यात.

यासाठी नवा कायदा लागत नाही. तनख्याची तजवीज आणि अंमलबजावणीची इच्छा लागते. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी सक्तीच्या कायद्याची भाषणे सोडून, येत्या बंदीकाळापूर्वी हा एक प्रस्ताव शासनापुढे ठेवावा, आणि ग्रामपंचायतींनी व मच्छीमार संस्थांनी तसे ठराव करून त्यांना तो ठेवावयास लावावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.