विदूषकाची सनद

हसविण्याचा मक्ता एकदा ज्याच्या नावे लिहून दिला, त्याने रडविण्याची मुभा मागू नये, असा एक अलिखित कायदा आपल्या नाट्यचित्रव्यवसायात रूढ होऊन बसला आहे. आणि तो तिकीट काढणाऱ्या तुम्हीआम्हीच, कोणत्याही सभेत ठराव न मांडता, मंजूर केलेला असल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागावयाची तरी कोणत्या कचेरीत, हे बिचाऱ्या नटास उमजत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांनी १९९२ साली अशी दाद मागून पाहिली. ‘धूमधडाका’, ‘दे दणादण’, ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटांनी ज्याला घरोघरचा ‘लक्ष्या’ करून टाकले होते, ज्याने तोंड उघडण्यापूर्वीच थिएटरात खसखस पिकत असे, त्या नटाने डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘एक होता विदूषक’ या चित्रपटात आबुरावाची भूमिका पत्करली. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते ना. धों. महानोरांची. तमाशातील कलावतीच्या पोटी जन्मलेला, फडावर सोंगाड्या म्हणून टाळ्या घेणारा, पुढे चित्रपटाच्या झगमगाटात शिरलेला आणि अखेर राजकारणातल्या मंडळींच्या दावणीला बांधला गेलेला हा आबुराव. साऱ्या मुलखाला हसवून झाल्यावर आपल्याच लहानग्या मुलीच्या चेहऱ्यावर हसू फुटावे म्हणून तो जेव्हा धडपडू लागतो, तेव्हा बेर्ड्यांचे तेच सुप्रसिद्ध डोळे, तीच शब्द अर्ध्यावर सोडून देण्याची लकब, तेच अचूक अवधान आपल्याला दिसते, मात्र हसण्याऐवजी पोटात कालवते. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धंद्याच्या खतावणीत मात्र तो तोट्याच्या बाजूस गेला. बेर्डे पुन्हा विनोदाकडे वळले आणि २००४ च्या डिसेंबरात, वयाच्या पन्नाशीत, निघून गेले. माझ्या मते त्या एका भूमिकेत त्यांच्या पुढील दहा भूमिकांचा ऐवज होता, आणि तो आपण जप्त करून ठेवला.

याच सुमारास स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोनजीकच्या रदरग्लेन गावी जन्मलेल्या रॉबी कोल्ट्रेन या धिप्पाड विनोदी नटाला निराळा न्याय मिळाला. १९९३ पासून ‘क्रॅकर’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने गुन्हेगारांची मने वाचणारा, परंतु मद्य आणि जुगार यांनी स्वतःचा संसार पोखरून टाकणारा मानसशास्त्रज्ञ उभा केला आणि लागोपाठ तीन वर्षे तेथील प्रतिष्ठित बाफ्टा पुरस्कार मिळविला. (आपली मुले त्याला हॅरी पॉटरच्या चित्रपटांतला दाढीवाला हॅग्रिड म्हणून ओळखतात.) तेथील प्रेक्षक आपल्याहून अधिक रसिक, असा निष्कर्ष यावरून काढण्याचे कारण नाही. मालिका घरबसल्या पाहावयाची असल्यामुळे त्या नटाच्या नव्या चेहऱ्याची सवय होण्यास लोकांना आठवड्यांमागून आठवडे मिळाले. बेर्ड्यांच्या पदरी एकच चित्रपट आणि त्याचा पहिला शुक्रवार होता.

शिवाय हसू आणि आसू यांचे असे वाटप आपल्या परंपरेत मुळी नव्हतेच. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून विदूषक सूत्रधाराच्या बरोबरीने आपल्या रंगमंचावर वावरत आला आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ज्या ‘मृच्छकटिका’ला मराठी रूप दिले, त्यातील मैत्रेय हा तर खादाड, भित्रा, पोट धरून हसविणारा विदूषक, परंतु भर न्यायसभेत खलनायक शकाराशी झोंबाझोंबी करताना या मैत्रेयाच्याच काखेतून नायिका वसंतसेनेचे दागिने खाली घरंगळतात आणि तिच्या खुनाचा आरोप असलेल्या चारुदत्ताच्या गळ्याभोवतीचा फास आवळला जातो. नाटकातील सर्वांत भीषण क्षण नाटककाराने विदूषकाच्या हाती सोपविला आहे, तो काही अनवधानाने नव्हे.

आणि नटांचे म्हणाल, तर गणपतराव बोडस यांचे उदाहरण पुरे आहे. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’तील संशयी फाल्गुनराव म्हणून ज्यांनी महाराष्ट्राला मनमुराद हसविले, तेच बोडस १९१९ साली गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त सुधाकर झाले, सनद तात्पुरती रद्द झाल्याच्या अपमानाने पहिला पेला ओठाला लावणारा आणि अखेर पत्नी सिंधूसह सारे घर रसातळाला नेणारा वकील त्यांनी असा रंगविला की, काल याच माणसाला आपण हसलो होतो, याचे प्रेक्षकांना विस्मरण पडावे. हे शक्य झाले, कारण गंधर्व नाटक मंडळीसारख्या संस्थेत आज एक नाटक तर उद्या दुसरे लागे, त्याच नटसंचाला सारे रस निभवावे लागत, आणि प्रेक्षकही नटाचे नाव वाचून रस ठरवीत नसत. चित्रपटाने नटाच्या मुद्रेचे नाणे पाडले, आणि नाणे एकदा पडले की त्यावरचा छाप बदलत नाही.

या टांकसाळीतून सहीसलामत सुटलेले दिलीप प्रभावळकर. ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकीण, दूरदर्शनवरचा चिमणराव, ‘आरण्यक’मधला विदुर, ‘चौकट राजा’तला मतिमंद नंदू, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी! कोणताही एक चेहरा कायम होण्यापूर्वी त्यांनी दुसरा पुढे केला. परंतु असे चातुर्य आणि अशी संधी प्रत्येकाच्या नशिबी कोठून असणार?

कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुराच्या आसपासचा मुलूख तमाशाचा. शाहीर पठ्ठे बापूरावांचे गाव रेठरे हरणाक्ष इकडचेच, आणि ज्यांच्या हवालदारांनी दोन पिढ्या हसविल्या ते तमाशातले काळू-बाळू मिरज तालुक्यातील कवलापूरचे. वगात सोंगाड्याने हसविता हसविता काळजाला हात घालावा, हे येथल्या जुन्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नव्हते. आज मात्र यात्रा कमिट्या आणि गणेशोत्सव मंडळे कार्यक्रमाची सुपारी देताना ‘विनोदीच हवे, रडके नको’ अशी अट पहिल्याच वाक्यात घालतात. यंदा एवढी एक अट गाळून पाहावी, आणि विनोदी म्हणून गाजलेला नट गंभीर नाटक घेऊन कराडात आला तर पुढल्या रांगांची तिकिटे काढून बसावे, अशी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे.