यंत्र बंद पडले की दोष कुणाचा?

घरातले यंत्र बंद पडले की 'काय बिघडले?' असे आधी कुणी विचारत नाही. 'कुणी बिघडवले?' हाच पहिला प्रश्न असतो. उत्तरही ठरलेले असते : ज्या बाईच्या हातात ते शेवटी होते, तिने.

व्हॅक्यूम क्लीनर हा आपल्या चळवळीचा विषय कसा, असे काही मैत्रिणी विचारतील. बुलडाणा जिल्ह्यात तो थोड्याच घरांत आहे, हे खरे. पण जिथे आहे, तिथे विकत घेणारे एक आणि चालवणारी दुसरी, असेच दिसते. खामगावच्या आमच्या बैठकीत एका घरकामगार बाईने सांगितले, मशीन कचरा ओढेना म्हणून तिच्या पगारातून पाचशे रुपये कापले. ती म्हणाली, "ताई, माह्या हातात बंद पडली म्हणून का म्याच बिघडवली?" आम्ही जाऊन पाहिले. लवचिक नळीत फाटक्या गादीतल्या कापसाचा आणि केसांचा बोळा अडकला होता. तो काढला आणि मशीन पूर्वीसारखी ओढू लागली. पैसे परत मिळाले, पण तिच्यावरचा संशय कोण परत घेणार?

म्हणून हे ज्ञान आपल्याकडे हवे. आणि ते अवघड नाही. मशीनमधली मोटार पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते आणि पिशवीत किंवा डब्यात अडते. हवेची वाट बंद झाली की ओढ कमी होते. तपासायचे असे : मशीनला थेट जोडलेली नळी काढा, मशीन सुरू करा आणि तोंडावर तळहात धरा. तिथे जोर असेल तर अडथळा नळीत किंवा ब्रशात आहे. जोर नसेल तर पिशवी भरली आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. रांगोळी, राख, सिमेंट यांची बारीक पूड फिल्टर लवकर चोंदवते. चालता चालता मशीन गरम होऊन थांबली, तर बऱ्याच मशीनमध्ये मोटार जळू नये म्हणून बसवलेली कळच ती बंद करते. पिशवी रिकामी करून, थंड होऊ देऊन पुन्हा लावावी. मशीन सुरूच होत नसेल तर आधी त्याच सॉकेटवर दुसरे काही लावून पाहावे, मग पिनेजवळ वायर तुटली आहे का ते बघावे. मोठ्या ठिणग्या आणि जळका वास आला तर कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. ते काम मिस्तरीचे. काहीही उघडण्याआधी पिन काढायचीच. आणि कोरड्या कचऱ्याच्या मशीनने पाणी कधीही ओढू नये.

यातले बहुतेक बिघाड वापरातून आपोआप होतात. त्यात कुणाचा गुन्हा नसतो. कारखान्यातल्या कामगाराच्या पगारातून नुकसानभरपाई कापण्याआधी त्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे १९३६ च्या वेतन कायद्याने सांगितले होते. घरकाम करणाऱ्या बाईला तो कायदा लागू नव्हता. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण स्वयंपाकघरातल्या कपातीचा न्याय आजही मालकिणीच्या मर्जीवरच होतो. ती मालकीणही बाईच असते, आणि तिलाही यंत्राची भीती घालूनच वाढवलेले असते, हेही आपण विसरू नये.

एक धोका मात्र ओळखून ठेवू या. दुरुस्ती शिकलेल्या बाईकडून ती फुकट करून घेतली जाईल. झाडणे, पुसणे, आणि आता मशीनही तीच नीट करणार! तसे होऊ द्यायचे नाही. दुरुस्ती हे कसब आहे, त्याचा मोबदला वेगळा मागायला हवा.

आपल्या प्रत्येक शिबिरात कायद्याच्या सत्रानंतर एक तास यंत्रांसाठी ठेवू या. भंगारातला एक व्हॅक्यूम क्लीनर, एक मिक्सर आणि एक स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरे. दोष यंत्राचा की बाईचा, हे ठरवताना निदान एक बाई तरी जाणती असली पाहिजे.