धंद्यांची मोजदाद आणि आमचे कारागीर

ज्याच्या हातीं चोपडी त्याच्या हातीं रयत, हा अनुभव बहुजन समाजानें पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. कुळकर्ण्याच्या दप्तरांत लिहिलें तेंच खरें आणि नांगर धरणाऱ्यानें सांगितलें तें खोटें, असा तो काळ होता. तो काळ गेला, पण चोपडी गेली नाहीं. आज ती संगणकांत आहे आणि तिचें नांव 'राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण' असें आहे. कोणता धंदा कोणत्या सदरांत मोडतो हें या कोष्टकावरून ठरतें. सरकारचे आकडे आणि बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे अहवाल त्याच्यावरच उभे राहतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नांव ऐकलें नसेल. परंतु त्यांच्या भाकरीशीं त्याचा जवळचा संबंध असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

सर्व देशांचे धंदे एका मापानें मोजतां यावेत म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं १९४८ सालीं पहिलें कोष्टक केलें. भारत सरकारनें १९६२ सालीं आपलें कोष्टक तयार केलें आणि पुढें १९७०, १९८७, १९९८, २००४ व २००८ सालीं तें सुधारून घेतलें. त्याची रचना शेतकऱ्यास सहज समजेल अशी आहे. जमिनीचा पत्ता जसा तालुका, गांव, गट आणि पोटहिस्सा असा उतरत जातो, तसाच धंद्याचा पत्ता आकड्यांनीं उतरत जातो. २००८ च्या कोष्टकांत १५ म्हणजे कातडी व कातडी सामान, १५२ म्हणजे पादत्राणें, आणि १५२०१ म्हणजे कातडी जोडे, सँडल व चपला. सुभाषनगरांत पायताण शिवणाऱ्या आमच्या बांधवाचा पत्ता हा असा पांच आकड्यांचा आहे.

या कोष्टकाचा एक गुण आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. तें कारागिराची जात विचारीत नाहीं, काम विचारतें. इंग्रजांच्या खानेसुमारींत जातीच्या नांवाला तिचा परंपरेचा धंदा चिकटवून ठेवीत; जणूं ब्रह्मदेवानेंच कुंभाराच्या हातीं चाक व चांभाराच्या हातीं आरी दिली! शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं बलुतेदारी बंद केली ती हीच गांठ तोडण्यासाठीं. मनुष्यानें वाटेल तो धंदा करावा आणि त्याच्या कामावरून त्याची ओळख व्हावी, हेंच सत्यशोधकांचें मागणें आहे.

पण कागदावर समता आली म्हणजे पदरांत न्याय पडला असें होत नाहीं. घरांत आरी-रापी घेऊन बसलेला कारागीर आणि यंत्रांवर हजारों जोड काढणारा कारखानदार या दोघांचा आकडा एकच, १५२०१. हुपरीचा चांदी कारागीर आणि मुंबईचा सोन्याचे दागिने घडविणारा मोठा कारखानदार हेही एकाच सदरांत. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे त्यांत आले. म्हणजे मानांकनाच्या वहींत तिला नांव आहे, पण धंद्याच्या वहींत नांव नाहीं.

गुळाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. उंसाच्या गुळाला १०७२२ हा स्वतंत्र आकडा आहे. मग तक्रार कसली? तक्रार अशी कीं, राज्याचे आकडे बहुधा दोन किंवा तीन अंकांपर्यंतच छापले जातात. चार अंकांवर थांबलें कीं गूळ साखरेंत विरघळतो, आणि तीन अंकांवर थांबलें कीं गूळ, साखर, पाव, चहा व मसाला एका पोत्यांत जातात. शिवाय ज्या घराचे दोन धंदे असतील त्याचा आकडा ज्यांत अधिक मूल्य निर्माण होतें त्या धंद्याचा धरावा, असा नियम आहे. तेव्हां स्वतःचा ऊंस स्वतःच्या गुऱ्हाळांत गाळणारा शेतकरी पुष्कळदां शेतींतच जमा होतो आणि त्याची चुलवण, काहील व गुळव्या यांचा पत्ताच लागत नाहीं. १८९५ सालीं शाहू महाराजांनीं जिच्यासाठीं शाहुपुरी पेठ वसविली, ती गुळाची कमाई आकड्यांत शोधूं जावें तर सांपडत नाहीं.

शिरोली व गोकुळ शिरगांवच्या ओतकामाचेंही तेंच. ओतीव भाग २४ मध्यें, त्याचें यंत्रकाम २५ मध्यें, पंप झाला तर २८ मध्यें आणि मोटारीचा भाग झाला तर २९ मध्यें. एका भट्टीचें लोखंड चार घरांत वांटलें गेलें. कोल्हापूरच्या हातांनीं एकंदर किती काम केलें हें मग बेरीज केल्यावांचून कोणासच कळत नाहीं, आणि ही बेरीज करण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

कारखान्यांची वार्षिक पाहणी तर आजवर मुख्यत्वें कारखाना कायद्याखालीं नोंदलेल्यांचीच होत आली. म्हणजे त्या कायद्याप्रमाणें वीज असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगार लागत असत. घरांत काम करणाऱ्यांसाठीं निराळी पाहणी आहे, पण ती निवडक घरांची आहे. त्यांत उत्तर देणारा बहुधा घरधनी असतो. चपलेची वेणी वळणाऱ्या बाईला विचारलें तर ती म्हणते, "मी कांहीं करीत नाहीं, घरींच असतें." आणि कागदही तेंच लिहून घेतो!

कोणी म्हणेल, आकड्यांनीं काय पोट भरतें? भरतें आणि रिकामेंही राहतें. १ जुलै २०२० पासून 'उद्यम' नोंदणी सुरू झाली. तींत धंद्याचा आकडा भरावा लागतो. कारागीर संगणकवाल्याकडे जातो व सांगतो, "चपला विकतो." तो बिचारा खरें तेंच सांगतो. पण लिहिणारा त्याला चपला करणाऱ्यांत न घालतां किरकोळ विक्रीच्या ४७७१ या सदरांत घालतो. एका शब्दानें केवढा फरक पडतो पहा! २ जुलै २०२१ च्या हुकुमाप्रमाणें व्यापाऱ्यास या नोंदणीचा लाभ फक्त बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता आहे. आणि २००६ च्या कायद्यानें लहान उत्पादकाला दिलेलें संरक्षण, म्हणजे मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत मिळावेत व न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागावें, तें त्या कारागिराच्या हातून जातें. सहा सहा महिने पैसे अडकविणाऱ्या दुकानदारासमोर तो उभा राहतो, तेव्हां त्याच्या हातांत ढाल नसते.

आणखी एक वर्गवारी पहा. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत भांडवल व दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा 'सूक्ष्म' गणला जातो. दहा कोटींवाला सूक्ष्म, तर दहा हजारांवर घर चालविणारा कोण? सूक्ष्मांसाठीं काढलेली मदत आधीं कोणाच्या दारीं जाईल हें सांगण्यास ज्योतिषी नको. २०२३ सालीं सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेंत अठरा कामें मोजलीं; त्यांत चांभार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, पण घाण्याचा तेली नाहीं. यादी करणाराची लेखणी जेथें थांबली, तेथें योजनाही थांबली.

शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या, तीही वर्गवारीच होती. परंतु ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें, आणि त्या चार शब्दांनीं हजारों घरांचीं दारें उघडलीं. सदरें पाडणारा कोणाकडे पाहून तीं पाडतो, यावर सर्व कांहीं आहे.

म्हणून आमचें मागणें असें. जिल्ह्याचे आकडे पांचही अंकांपर्यंत छापावेत. दहा कोटींच्या सूक्ष्मांतून घरच्या कारागिरास वेगळें सदर काढून द्यावें. पाहणीला येणारानें घरांतील स्त्रियांना स्वतंत्र विचारावें आणि त्यांचे तास मोजावेत.

आणि कारागीर बंधुभगिनींनो, तुम्हांसही एक सांगणें आहे. आपला उद्यम दाखला आज रात्रींच काढा. शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून त्यावरचे आकडे वाचून घ्या. 'उत्पादन' लिहिलें आहे कीं 'व्यापार' हें पहा. चुकलें असेल तर दुरुस्त करून घ्या. या दुरुस्तीला सरकारची फी पडत नाहीं, कोणी मागितल्यास देऊं नका. "मी विकतो" असें न म्हणतां "मी करतो" असें म्हणावयास शिका. जोतीराव फुल्यांनीं आपल्याला अक्षर ओळखावयास सांगितलें. त्या अक्षराशेजारचा आकडाही आतां ओळखला पाहिजे.