नाव घेऊन चालावे

राहात्यावरून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या आपल्याला नवीन नाहीत. चालण्याने मन हलके होते, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. पण घरात आत्महत्या झाली असेल, तर गेलेल्याचे नावही मोठ्याने घेतले जात नाही.

अमेरिकेत अशी कुटुंबे ‘आउट ऑफ द डार्कनेस’ पदयात्रेत चालतात. गळ्यात मण्यांची माळ असते: पांढरी म्हणजे मूल गमावले, सोनेरी म्हणजे आई किंवा वडील. जमलेली देणगी संशोधनाला आणि अशा कुटुंबांच्या आधाराला जाते. आपल्याकडे दहाव्यालाच प्रश्न सुरू होतात, कर्ज किती होते, घरात पटत नव्हते का?

सरकारी रुग्णालयात हे नातेवाईक भेटतात ते शवविच्छेदनाच्या दिवशी. सह्या होतात, देह ताब्यात मिळतो, ते जातात. मागे राहिलेल्यांनाही आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. झोप उडाली, जेवण सुटले, ‘माझ्यामुळेच झाले’ हे सारखे तोंडी असेल, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. दवाखान्यात आणा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येते.

१० सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, राहात्यातूनही एक पदयात्रा निघावी. भाषणे नकोत. गेलेल्याचे नाव घ्यावे आणि त्याच्या घरच्यांबरोबर चालावे.