‘स्वस्तातला डॉक्टर’ म्हणणाऱ्यांस

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे ‘स्वस्तातला डॉक्टर’, हा आक्षेप अमेरिकेत कित्येक वर्षे ऐकू येतो. आक्षेपकांनी इतिहास चाळला असता, तर आपला नेम भलत्यावरच धरला आहे हे त्यांच्या ध्यानी आले असते.

या पदाचा जन्म रुग्णालयाच्या वॉर्डात झालेला नाही. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. वस्तीतल्या मुलांची तपासणी, त्यांच्या वाढीवर लक्ष, नेहमीच्या दुखण्यांवर उपचार, एवढा त्याचा हेतू होता.

मग ती वॉर्डात आली कशी? १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच दगावली. निवासी डॉक्टरांकडून सलग किती तास काम करून घ्यावे, यावर तिच्या मृत्यूनंतर रान उठले. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्ये आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. २००३ मध्ये ती देशभर लागू झाली. (८० तास ही ‘कपात’ होती, यावरून आधीचे हाल ताडावेत!) डॉक्टरांचे तास घटले, खाटा मात्र तेवढ्याच राहिल्या. तेव्हा मध्यरात्री रुग्णाला तपासून औषधयोजना बदलायला व्यवस्थापनांना माणूस हवा होता. नर्स प्रॅक्टिशनर वॉर्डात वाढल्या त्या या गरजेपोटीही.

आता ‘स्वस्त’ या शब्दाकडे वळू. १९९७ च्या कायद्याने मेडिकेअर ही सरकारी विमा योजना त्यांना थेट मोबदला देऊ लागली. दर डॉक्टरांच्या ८५ टक्के. मात्र रुग्णालयात दोघांनी मिळून तपासलेल्या रुग्णाचे बिल नियमांत बसवून डॉक्टरांच्या नावे गेले, की दर पूर्ण! स्वस्ताई आहे ती या हिशेबाच्या वहीत.

तिचे शिक्षण डॉक्टरइतके प्रदीर्घ नसते, हे खरेच. दोघे तंतोतंत समान असल्याचा तिच्या कैवाऱ्यांचा दावा मला पटत नाही. बाह्यरुग्ण कुटुंबसेवेसाठी घडलेल्या परिचारिकेला अतिदक्षता विभागात उभे करणे तर सरळसरळ धोक्याचे. तीव्र आजारांच्या शुश्रूषेसाठी स्वतंत्र शिक्षण व प्रमाणपत्र आहे ते उगाच नव्हे. पण ही नेमणूक करतो कोण? ज्याला पगार वाचवायचा असतो तो. शिव्या मात्र तिच्या वाट्याला.

शिवाय शिकाऊ निवासी डॉक्टर काही आठवड्यांनी दुसऱ्या विभागात जातात, तज्ज्ञ फेरी आटोपून निघतात. त्याच वॉर्डात वर्षानुवर्षे राहिलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला तेथल्या कामाची जी जाण येते, तिची किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेनेही अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. तेव्हा आपल्या रुग्णालयांना आताच विचारावे: कोणते औषध ती स्वतःच्या सहीने देईल, रात्री कोणत्या डॉक्टरांना उठवील आणि तिला पगार किती, हे तिच्या नेमणूकपत्रात लिहिले आहे काय?