भट्टीत जस्त नको

जिन्याचा कठडा, खिडकीची नक्षी स्वतः ऐरणीवर घडवण्याचा छंद मला आवडतो. पण भंगारातला गॅल्वनाइज्ड पाइप भट्टीत घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लोखंड घडवायला हजार अंशांच्या आसपास तापवावं लागतं. त्यावरचं जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला, की चार ते बारा तासांनी हुडहुडी, ताप, तोंडाला धातूची चव. बहुधा दोन दिवसांत उतरतो. पावसाळ्यात आम्ही आधी मलेरियाच तपासणार, म्हणून भट्टीचं आपणहून सांगा. दूध पिऊन हे टळत नाही (हा समज फार जुना!). मुलामा कॅडमियमचा असेल, तर सुरुवात अशीच होते, पण पुढे फुप्फुसांत पाणी भरून जीवही जाऊ शकतो. दम लागला, तर घरी थांबू नका.