पहिला नंबर आला, तरी संघात नाव का नाही? लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या निवडीचा हिशेब

हैदराबाद : काचीगुड्याहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं की विद्यानगर लागतं आणि लगेच पुढचं स्टेशन जामिया उस्मानिया. नांदेड, देगलूर, उदगीर, बीदर, आदिलाबाद या पट्ट्यातून शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला हैदराबादेत आलेली मुलं या भागात खोली करून राहतात. पहाटे उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांमध्ये अशी मुलं असतात. बहुतेकांच्या डोक्यात पोलीस भरती असते. महाराष्ट्रात पुरुषांना १६०० मीटर, तेलंगणातही १६०० मीटर. किती वेळात पळायचं, त्याचं काय मिळणार, हे जाहिरातीतच छापलेलं असतं. त्यामुळे नियम सगळ्यांना तोंडपाठ.

यातलाच एखादा खरोखर वेगवान निघतो आणि कुणीतरी त्याला म्हणतं, "अरे, तू भारताकडून पळायला पाहिजेस." इथून पुढे मात्र त्याला नियम सांगणारं कुणी भेटत नाही. १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ या काळात जपानमधील आइची-नागोया येथे होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या निमित्ताने निवडीचा विषय पुन्हा चर्चेत आहे. भारतीय संघात लांब पल्ल्याचा धावपटू नेमका कसा निवडला जातो, आणि सीमाभागातला मुलगा किंवा मुलगी यात कुठं अडकते, याचा हा हिशेब.

पहिला प्रश्न : राज्य कोणतं?

समजा, मुलगा मूळचा देगलूरचा आहे, शिकतो उस्मानिया विद्यापीठात आणि राहतो विद्यानगरात. तो कुणाकडून धावणार? विद्यापीठाच्या स्पर्धांचं उत्तर सोपं आहे. जिथं शिकतो, त्या विद्यापीठाकडून. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रॉसकंट्री आणि ॲथलेटिक्स स्पर्धेत त्याचं गाव कुठल्या राज्यात आहे, हे कुणी विचारत नाही. या वाटेनंही मोठं यश मिळतं. नाशिकच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेई येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक जिंकलं, ते विद्यापीठ संघातूनच.

खुल्या गटाचं तसं नाही. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या स्पर्धेत उतरायचं तर जिल्हा संघटना, मग राज्य संघटना आणि तिथून महासंघाकडे नोंदणी, असा क्रम असतो. एकदा एका राज्याकडून नोंद झाली की दुसऱ्या राज्याकडून धावण्यासाठी आधीच्या संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. १९५६ पूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता आणि उस्मानिया हेच इथलं विद्यापीठ होतं. आज त्याच पट्ट्यातल्या मुलाला घर एका राज्यात, सराव दुसऱ्या राज्यात आणि कागद तिसऱ्या ठिकाणी, अशी कसरत करावी लागते. जिल्हा चाचणीच्या दिवशी तो हैदराबादेत असला तर ते वर्ष हातचं जातं. धावण्यात कमी पडला म्हणून नाही, त्या दिवशी गावी नव्हता म्हणून.

तिसरी वाट नोकरीची. सेनादल, रेल्वे, पोलीस यांचे स्वतःचे संघ आहेत आणि राष्ट्रीय खुल्या अजिंक्यपद स्पर्धेत ते उतरतात. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे याच वाटेनं वर आला. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि २०१५ नंतर लष्कराच्या क्रॉसकंट्री स्पर्धेतून स्टीपलचेसकडे वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. ज्या पोरांना घरून खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी आजही हीच वाट सगळ्यात भरवशाची आहे.

दुसरा प्रश्न : घड्याळ काय म्हणतं?

राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आला म्हणजे झाली निवड, असं अनेक पालकांना वाटतं. तसं नसतं. ऑलिम्पिक किंवा जागतिक अजिंक्यपदासाठी जागतिक ॲथलेटिक्स संघटना पात्रता वेळ ठरवते. ठरलेल्या मुदतीत ती वेळ नोंदवावी लागते. एका देशाला एका प्रकारात साधारण तीनच जागा. आशियाई क्रीडा स्पर्धेत तर दोनच, आणि तिथं संघ कुठल्या निकषावर पाठवायचा हे आपला महासंघ ठरवतो.

ही वेळ किती कडक आहे ते भरतीच्या भाषेत बघू. पॅरिस ऑलिम्पिकसाठी पुरुषांच्या ३ हजार मीटर स्टीपलचेसची पात्रता वेळ होती ८ मिनिटे १५ सेकंद. त्या गतीनं १६०० मीटरला लागतात ४ मिनिटे २४ सेकंद, तेही वाटेतले अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत. आणि त्यानंतर १४०० मीटर शिल्लक असतात. साबळेने २०२३ मध्ये पोलंडमधील डायमंड लीगमध्ये ८:११.६३ अशी वेळ देऊन ही पात्रता गाठली. पुढे पॅरिसमध्ये तो अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला.

मॅरेथॉनमधला बदल तर डोळे उघडणारा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी पुरुषांची पात्रता वेळ होती २ तास १९ मिनिटे. २०२४ च्या पॅरिससाठी ती २ तास ८ मिनिटे १० सेकंद झाली. आठ वर्षांत जवळपास ११ मिनिटं कमी. महिलांची २ तास ४५ मिनिटांवरून २ तास २६ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे १८ मिनिटांहून जास्त.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २:३८:३८ वेळेत मॅरेथॉन जिंकली आणि ती रिओला गेली. सहा मिनिटांहून अधिक वेळ हाताशी होता. पॅरिसच्या निकषावर तीच धाव जवळपास १२ मिनिटांनी कमी पडली असती. त्याच वर्षी मुंबई मॅरेथॉनमध्ये टी. गोपी हा खरं तर दुसऱ्या धावपटूला गती देण्यासाठी उतरला होता. धावत राहिला, २:१६:१५ वेळ निघाली आणि तोही रिओला पात्र ठरला. तिथं तो २५ वा आला. आज असं पात्र होणं शक्य नाही. शिवनाथ सिंह यांनी १९७८ मध्ये जालंधरला नोंदवलेला २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम चाळीसहून अधिक वर्षं टिकला, आणि तो विक्रमसुद्धा पॅरिसच्या पात्रता वेळेबाहेरच आहे. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताचा एकही धावपटू नव्हता, तो यामुळेच.

तिसरा प्रश्न : क्रमवारीचे गुण कुठून येतात?

वेळ इतकी कडक का केली? कारण आता साधारण निम्म्या जागा थेट वेळेवर आणि उरलेल्या जागतिक क्रमवारीवर भरायच्या, असं धोरण आहे. क्रमवारीत दोन गोष्टी मोजतात : किती वेळात धावला आणि कुठल्या दर्जाच्या स्पर्धेत कितवा आला. स्टीपलचेस आणि ५ हजार मीटरसाठी तीन, तर १० हजार मीटर आणि मॅरेथॉनसाठी दोन चांगल्या कामगिरींची सरासरी धरतात. आशियाई अजिंक्यपदाला राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा जास्त गुण. तालुक्याच्या यात्रेतल्या शर्यतीला शून्य, मग तिथं कितीही वेगात धावा.

फरक किती बारीक असतो याचं उदाहरण गुलवीर सिंह. मार्च २०२५ मध्ये त्याने अमेरिकेत १० हजार मीटर २७:००.२२ वेळेत पूर्ण केले. टोकियो जागतिक अजिंक्यपदाची पात्रता वेळ होती २७:००.०० . पंचवीस फेऱ्या, प्रत्येक फेरी ६४.८ सेकंदांत, आणि शेवटी हुकलं ते एका सेकंदाच्या पाव हिश्शाहूनही कमी अंतरानं. मे महिन्यात दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद जिंकलं आणि टोकियोत त्याला १० हजार मीटर धावता आलं. म्हणजे वेळेचा दरवाजा बंद झाला, तरी स्पर्धेतल्या क्रमांकाचा उघडा राहिला.

पण यासाठी मोठ्या स्पर्धेत उतरावं लागतं, आणि तिथंच आपल्याकडची पोरं मागं पडतात. पात्रतेसाठी जागतिक संघटनेच्या वेळापत्रकात नोंदलेल्या, नियमानुसार झालेल्या स्पर्धेचीच वेळ धरतात. रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग मान्यताप्राप्त मोजणीदाराने मोजलेला असावा लागतो. शाळेच्या मैदानात गुरुजींनी हातातल्या घड्याळावर घेतलेली वेळ कौतुकाची खरी, पण ती कागदावर चढत नाही. शिवाय जागाही बघावी लागते. हैदराबाद मॅरेथॉन ऑगस्टमध्ये, दमट हवेत, उड्डाणपुलांचे चढ-उतार पार करत होते. धावण्याचा आनंद वेगळा, पण वेळ काढायला हा रस्ता अवघड आहे.

चौथा प्रश्न : शेवटी ठरवतं कोण?

वेळ झाली, क्रमवारीत बसला, तरी नाव पाठवण्याचा अधिकार महासंघाचा. याचा सगळ्यात कडू अनुभव २०१७ चा. जुलैमध्ये भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद झालं. केरळच्या पी. यू. चित्राने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. आशियाई विजेत्याला लंडनच्या जागतिक स्पर्धेची दारं उघडी होतात, असा समज होता. महासंघाने जाहीर केलेल्या संघात तिचं नाव नव्हतं. १५०० मीटरचा विजेता अजयकुमार सरोज आणि स्टीपलचेसची विजेती सुधा सिंह हेही वगळले गेले. चित्राची भुवनेश्वरची वेळ ४:१७.९२, तर पात्रता वेळ ४:०७.५०. महासंघाचं म्हणणं, विजेता असला तरी कामगिरी त्या दर्जाची हवी. चित्रा केरळ उच्च न्यायालयात गेली. तिला संघात घ्या, असा आदेशही झाला. पण नावं पाठवायची मुदत संपली होती आणि जागतिक संघटनेने नकार दिला. न्यायालयात जिंकूनही चित्रा घरीच राहिली.

महासंघाची बाजू अगदीच पोकळ नाही. दहा सेकंदांनी मागं असलेल्या धावपटूला नुसतं सहभागासाठी पाठवायचं का, हा प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न शर्यतीच्या आधी विचारायला हवा होता. "जिंकलात तरी एवढी वेळ लागेल" हे भुवनेश्वरच्या आधी स्पष्ट लिहून दिलं असतं, तर धावपटूने मुदतीआधी दुसऱ्या स्पर्धेत प्रयत्न तरी केला असता. निकष कडक असण्यात अन्याय नसतो. तो शर्यत संपल्यावर कळला, की मात्र अन्याय होतो.

सीमाभागाने काय मागावं?

याच हैदराबादेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला गच्चीबावलीच्या स्टेडियमवर, जून-जुलै २०१६ मध्ये राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धा झाली. रिओची मुदत संपायला तेव्हा जेमतेम दहा दिवस उरले होते. विद्यानगरपासून एका बसच्या अंतरावर ऑलिम्पिकची पात्रता ठरत होती. स्टेडियम, ट्रॅक, अधिकारी, सगळं या भागात आहे. कमी आहे ती माहिती आणि मधली पायरी.

म्हणून मागण्या मोठ्या नाहीत. जिल्हा चाचणीच्या तारखा निदान महिनाभर आधी जाहीर व्हाव्यात, म्हणजे हैदराबाद, पुणे किंवा सोलापुरात शिकणाऱ्या मुलाला गावी पोहोचता येईल. कुठल्या राज्याकडून धावायचं आणि ना हरकत कशी मिळते, हे मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये एका पानावर छापून द्यावं. नांदेड, लातूर, बीदर, निजामाबाद या पट्ट्यात वर्षातून एक तरी नोंदणीकृत लांब पल्ल्याची स्पर्धा व्हावी, जिची वेळ वर ग्राह्य धरली जाईल. आणि प्रत्येक मोठ्या स्पर्धेचा निकष निवड चाचणीच्या आधी लेखी असावा.

धावपटूंनी आणि पालकांनीही तीन गोष्टी वेळीच कराव्यात. महासंघाची नोंदणी लवकर आणि विचार करून एकाच राज्याकडून करावी. हंगामाच्या सुरुवातीला मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवावी. आणि दर रविवारी बक्षिसाच्या शर्यतीत पाय झिजवण्यापेक्षा वर्षात दोन-तीन नोंदणीकृत स्पर्धा निवडून तिथं ताकद लावावी. बक्षिसाच्या दोन-चार हजारांवर महिन्याचं खोलीभाडं निघतं, हे खरं आहे. म्हणून तर हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर हे करून दाखवणारी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आल्यावर तिने रस्ता सोडून स्टीपलचेस धरली. २०१५ मध्ये वुहानचं आशियाई सुवर्ण जिंकून तिने रिओची पात्रता एक वर्ष आधीच मिळवली. रिओत पात्रता फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकच्या अंतिम फेरीत पोहोचणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तयारीला वर्षभर मोकळं मिळालं, ते पात्रता आधीच हातात होती म्हणून.

नागोयाला प्रत्येक प्रकारात जास्तीत जास्त दोघं जातील. त्या दोघांत या पट्ट्यातलं कुणी असेल की नाही, ते सांगता येणार नाही. पण पुढच्या हंगामाच्या चाचणीची तारीख देगलूरच्या मुलाला विद्यानगरच्या खोलीत वेळेवर कळली, तर निदान सुरुवातीच्या रेषेवर तो उभा असेल.